मिसेस टकरच्या लेकी

चित्रा खांबेटेला माणसं फारशी आवडत नसत आणि ती ते लपवतही नसे. आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलात ती लॅबमध्ये काम करायची. माणसांपेक्षा त्यांचं रक्त बरं असं तिचं मत होतं, कारण रक्त स्वतःविषयी फुशारक्या मारत नाही. गणपतीला मराठी मंडळी हॉलमध्ये जमली की ही कोपऱ्यात बसून कोणी नवं घर घेतलं, कोणाच्या मुलाला मेडिकलला सीट मिळाली ते सगळं ऐकून घ्यायची आणि घरी येताना गाडीत एकेकाची नक्कल करायची. नवरा विनय पोट धरून हसायचा. आपण गाडीत नसताना आपलीही नक्कल होते, हे त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

विनय डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता आणि त्याला दर दोन-तीन वर्षांनी नवं वेड लागे. आधी मधमाश्या झाल्या. त्या उडून गेल्या. मग दुर्बीण झाली. आयर्लंडच्या आभाळात तिला ढगांखेरीज काही सापडलं नाही. नावनबाहेर घर घेतलं त्याच्यामागे एक कुरण आणि जुना तबेला होता, म्हणून मग घोडा. साधा घोडा कसा चालेल? आयरिश घोडे तर इथे शेजारच्या गवळ्याकडेही असतात. विनयला अपालूसा हवा होता, अंगभर ठिपके असलेला, खुरांवर पट्टे असलेला.

या घोड्यांचा इतिहास त्याने चित्राला जेवताना इतक्या वेळा ऐकवला की तिला तो पाठ झाला. अमेरिकेच्या वायव्येकडच्या नेझ पर्स लोकांनी हे घोडे पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवले. ते लढाईत हरले, सरकारने घोडे काढून घेतले, विकले, कुठल्याही नांगराच्या घोड्यांशी लावून जात बुडवत आणली. मग साठ वर्षांनी गोऱ्यांनाच त्या ठिपक्यांचा उमाळा आला, क्लब निघाला, वंशावळी मांडायला सुरुवात झाली. ‘‘म्हणजे आधी चोरायचं आणि मग चोरीच्या मालाचं गोत्र शोधायचं,’’ चित्रा म्हणाली. विनयने तिकडे दुर्लक्ष केलं, कारण तो तेव्हा मिसेस टकरवर आला होता.

मिसेस टकर ही एक घोडी. सरकारी लिलावात ती एका टकर नावाच्या विधवेने घेतली आणि त्या गावच्या लोकांनी गमतीने घोडीलाच बाईंचं नाव दिलं. तिच्यापासून जे घराणं निघालं ते अपालूसांच्या पहिल्या काही घराण्यांपैकी एक. तिच्या वंशातली एक घोडी कोणीतरी आयर्लंडला आणली होती, तिच्या लेकीची लेक विकाऊ होती, आणि ती विनयने न बघता, फोनवर घेतली.

ती ट्रेलरमधून उतरली तेव्हा विनयचा चेहरा बघण्यासारखा झाला. घोडी जवळजवळ पांढरीच होती. काखेत आणि मांडीपाशी चार-दोन फिके डाग, बस. चित्राला हसू आवरेना. मग तिने घरात जाऊन वाचलं आणि तिला कळलं की ठिपक्यांचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला की घोडा असाच पांढरट होतो, आणि अशा घोडीचं प्रत्येक शिंगरू हमखास ठिपक्यांचं निघतं. त्याचीच दुसरी बाजू अशी की त्या घोडीला अंधुक उजेडात दिसत नाही. संध्याकाळ झाली की ती आंधळीच. चित्राने हे विनयला सांगितलं. त्याने ‘‘असेल, असेल’’ म्हटलं आणि घोडीचा फोटो उजेडाच्या बाजूने काढायला गेला.

तीन महिन्यांत विनयचं घोडीकडे जाणं बंद झालं. पहाटे लीद काढायची चित्राने, खरारा करायचा चित्राने, पावसात भिजत पाण्याची बादली न्यायची चित्राने. नाव तिने ठेवलं ‘बाई’. संध्याकाळी कामावरून आली की कोट न काढताच ती कुरणात जायची, कारण अंधारून आल्यावर बाई कुंपणाशी खिळून उभी राही आणि चित्राचा आवाज आल्याशिवाय पाऊल उचलत नसे. ‘‘चला बाई, इकडे. खड्डा आहे, डावीकडे घ्या,’’ असं चित्रा बोलत बोलत पुढे चालायची आणि घोडी तिच्या आवाजामागे यायची. जन्मात कोणाशी इतकं मऊ बोलली नव्हती ती. पोटच्या पोरीशीसुद्धा नाही.

पण हे कबूल कोण करणार? पाहुणे आले, शेजारी आले, कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, आणि ते ती नाक मुरडून द्यायची. ‘‘घोडी त्याची आहे. मी नुसती लीद काढते.’’

त्याच सुमारास विनयच्या पुरुषोत्तमकाकांचा पुण्याहून फोन आला. खांबेटे घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती. चित्राने लग्नात भेट मिळालेली जुनी आवृत्ती एकदा चाळली होती. मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, कोण कुठे नोकरीला, हल्ली मुक्काम अमुक. मुलींना एका ओळीत गुंडाळलेलं: ‘यांस दोन कन्या.’ काकांनी स्पीकरवर माहिती विचारली, विनयने सांगितली, आणि काका हळहळले. ‘‘म्हणजे तुझी शाखा तुझ्यापाशी संपली म्हणायची.’’ त्यांची एकुलती एक लेक तन्वी तेव्हा तिथेच टेबलाशी गृहपाठ करत बसली होती. विनय खजील झाल्यासारखा हसला आणि म्हणाला, ‘‘आता काय करणार, काका.’’ चित्राला त्याच्या तोंडावर भात फेकावासा वाटला. तिने भाताचं भांडं कपाटात आदळलं आणि दार लावलं.

काकांच्या त्या पोथीवरूनच विनयला सुचलं की मिसेस टकरच्या घराण्याचा असाच वृत्तांत आपण लिहावा. सहा महिने तो खपला. अमेरिकेतल्या लोकांना पत्रं धाडली, जुने फोटो मिळवले, इंग्रजीत पुस्तक लिहून पुण्यात छापून घेतलं. छापायच्या आधी चुका बघायला म्हणून त्याने चित्राकडे दिलं.

तिला पहिल्या पानावरच कळलं. घराणं मिसेस टकरचं, पण विनयने मूळपुरुष केला होता ‘जनरल’ला, म्हणजे तिला ज्या घोड्याशी लावलं त्याला. मग जनरलचे मुलगे, नातू, पणतू. घोड्यांच्या लेकींना नावंसुद्धा नव्हती, ‘दोन कन्या’, ‘तीन कन्या’. शेवटचा पणतू कर्नल १९५१ साली खच्ची झाला. मिसेस टकरच्या लेकी, नाती, पणत्या, ज्यांच्यातून बाई आली होती, त्या सगळ्या मागे परिशिष्टात कोंबल्या होत्या. वर शेवटच्या प्रकरणात त्याने लिहिलं होतं की जनरलच्या सख्ख्या भावाच्या वंशातला एक नर गॉलवेजवळ आहे आणि घराण्याचा खरा वारसा आता त्याच्याकडे आहे; लवकरच तो लेखकाच्या तबेल्यात येईल.

घोड्यांच्या जगात घराणं आईकडून मोजतात. आयर्लंडात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चित्रालाही माहीत होतं. दोन वर्षं तबेल्यात घालवून एवढं कळतंच. ती एका वाक्यात सांगू शकली असती. तेवढ्यात तन्वीने तिच्या खांद्यावरून डोकावून पानं उलटली आणि म्हणाली, ‘‘इट्स ऑल लॅड्स, मॅम.’’ सगळे नुसते मुलगेच. इथल्या पोरांसारखी तीही आईला ‘मॅम’ म्हणायची.

ते ऐकलं आणि चित्राने ठरवलं, सांगायचं नाही. छापू दे. सगळ्यांसमोर वाचू दे आणि तोंडावर आपटू दे. तिने चार स्वल्पविराम दुरुस्त केले आणि ‘‘छान झालंय’’ म्हणून परत दिलं. त्या रात्री तिला फार चांगली झोप लागली.

नोव्हेंबरात अपालूसावाल्यांचं वार्षिक संमेलन नावनच्याच एका हॉलमध्ये भरलं. चहा, सँडविचेस, भिंतीवर घोड्यांचे फोटो. विनय सूट घालून गेला. पुस्तक वाटलं, स्लाइड्स दाखवल्या, जनरलवर बोलला, कर्नलवर बोलला. लोक चुळबुळ करायला लागले तसं चित्राने खुर्ची पुढे सरकवली. मग स्लायगोची ब्रीज उठली. ब्रीज ही निवृत्त वकील, दोन डझन अपालूसांची मालकीण, गोड बोलून कातडं सोलणारी. तिने विचारलं की घोड्या कुठे आहेत. विनय म्हणाला, त्या दुसऱ्या घराण्यांत गेल्या, त्यांचा इथे हिशोब नाही.

‘‘अच्छा,’’ ब्रीज म्हणाली. ‘‘म्हणजे तुमच्या पुस्तकाप्रमाणे हे घराणं १९५१ सालीच संपलं. मग तुमच्या कुरणात कोण चरतंय?’’

हॉल असा हसला की चहाचे कप हिंदकळले. विनय कानापर्यंत लाल झाला, काहीतरी पुटपुटला, स्लाइड मागे-पुढे करत राहिला. चित्रा मन भरून बघत होती. काकांचा फोन, त्याचं ते खजील हसणं, नातू नाही म्हणून सासूबाईंचे बारा वर्षांचे उसासे, सगळ्याची आज वसुली झाली असं तिला वाटलं.

मग ब्रीज चहा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. ‘‘मी ट्रेलर घेऊनच आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘इथून तुमच्या मागोमाग येते, म्हणजे उजेड जायच्या आत घोडी चढवता येईल.’’

‘‘कुठली घोडी?’’ चित्राने विचारलं.

ब्रीजने कप खाली ठेवला आणि सांगितलं. विनयने बाई तिला मागच्याच आठवड्यात विकली होती. गॉलवेच्या त्या नरासाठी तबेला रिकामा हवा होता, आणि घोडीला आधीच्या मालकाकडे तीन शिंगरं झाली ती तिन्ही माद्या, मग ठेवून उपयोग काय, असं तो म्हणाला होता. ‘‘मी विचारलं हो त्याला, तुझ्या बायकोला वाईट नाही का वाटणार,’’ ब्रीज म्हणाली. ‘‘युअर मॅन म्हणाला, तिला घोड्यांचा तिटकारा आहे, ती स्वतःच सगळ्यांना सांगते. मीही ऐकलंय तुझ्या तोंडून.’’

गाडीत कोणी कोणाची नक्कल केली नाही. अर्ध्या वाटेत चित्रा एवढंच म्हणाली, ‘‘मला सांगितलं नाहीस.’’ विनय रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘‘पुस्तकात लिहिलं होतं की. शेवटच्या प्रकरणात. तू वाचलंस ना?’’ ती वाचून हसली होती. त्याच्यात घोडी विकण्याची हिंमत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत साडेचार होऊन गेले होते आणि आभाळ उतरलं होतं. बाई कुंपणाशी खिळून उभी होती. ब्रीजच्या माणसाने दोरी धरून तिला ट्रेलरपर्यंत आणलं, पण फळीपाशी ती थांबली. समोर काळोखाचं भोक. तिने चारी पाय रोवले, अंग घामाने भिजलं, नाकपुड्या फुलल्या. माणसाने ओढलं, मागून ढकललं, ती हलेना.

ब्रीज चित्राजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘हे बघ, मला ही हवी आहे. अशी घोडी पुन्हा मिळायची नाही. पण तू आत्ता नको म्हण, मी रिकामा ट्रेलर घेऊन जाते.’’

विनय दारात उभा होता. तन्वी खिडकीत. चित्राला फक्त ‘माझी आहे ती’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते त्याच्यासमोर म्हणायचं होतं, भर हॉलमध्ये ज्याचं हसं झालेलं तिने मिटक्या मारत पाहिलं त्याच्यासमोर. ‘मग इतके दिवस काय बोलत होतीस?’ असं त्याने विचारलं असतं, आणि त्याचं बरोबर असतं. तो एकदा बरोबर असणं तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

‘‘घोडी त्याची आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी नुसती लीद काढते.’’

मग घोडीचे हाल बघवेनात म्हणून तिने स्वतःच दोरी हातात घेतली. ‘‘चला बाई,’’ ती म्हणाली. ‘‘इकडे. उंच पाय टाका. फळी आहे. मी आहे ना.’’ बाईने मान खाली घातली, कान तिच्याकडे वळवले आणि तिच्या आवाजामागे एकेक पाऊल टाकत त्या अंधारात चढली. चित्राने आत दोरी बांधली, बाजूच्या छोट्या दारातून बाहेर आली आणि फळी वर उचलायला हात लावला. ट्रेलर रस्त्याला लागेपर्यंत आतून घोडी तिला हाका मारत होती.

‘‘मॅम, व्हाय डिडन्ट यू जस्ट से?’’ तन्वीने विचारलं. चित्राने तिला सूटचा हँगर बाबांना नेऊन द्यायला सांगितलं.

विनयला हसं झाल्याचं दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या आवृत्तीचं काम काढलं, या वेळी लेकींच्या बाजूने. गॉलवेच्या नराच्या मालकाला त्याने ‘नको’ म्हणून कळवलं. तो आता घराण्यात बसत नव्हता. रविवारी चित्रा रिकामा तबेला झाडत होती तेव्हा तो लॅपटॉप घेऊन दारात आला. मिसेस टकरपासून सगळ्या लेकी नावानिशी उतरल्या होत्या आणि तो शेवटच्या नावावर होता.

‘‘बाई,’’ तो म्हणाला. ‘‘हल्ली मुक्काम काय लिहू?’’

‘‘स्लायगो,’’ चित्रा म्हणाली आणि झाडत राहिली.