दुसऱ्या मजल्यावरची रफूवाली

रफूवालीचे पाय तिची साथ सोडायला लागले, ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती स्वतःच म्हणायची, दिवसभर खिडकीशी मांडी घालून बसल्यावर मुंग्या येणारच. कोटाच्या बाहीला विडीने पडलेलं भोक, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, असलं सगळं तिच्याकडे यायचं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसायचा आणि उभा-आडवा असा तो भोकावर विणत न्यायचा. फाटलं होतं कुठे, ते मग गिऱ्हाइकालाच शोधत बसावं लागायचं. या कामाला डोळे लागतात, बोटं लागतात आणि उजेड लागतो. पायांचं त्यात काही काम नाही, म्हणून ते कधी गेले ते कळायला उशीर झाला.

कळलं ते जिन्यात. भाजीची पिशवी घेऊन चढताना एका पायरीवर तिचा गुडघा असा मुडपला की कांदे थेट तळमजल्यापर्यंत गडगडत गेले. ती हसली. पुढच्या खेपेला हसली नाही. स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, आणि तो मागे फिरत नाही. वर्ष सरलं तोवर तिला चाकाची खुर्ची घ्यावी लागली. ती खुर्ची जिन्याखाली साखळीने बांधलेली असायची आणि रफूवाली दुसऱ्या मजल्यावर.

या दोन टोकांमधला दुवा म्हणजे तिचा नवरा. तो बसचा कंडक्टर. अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून. तो तिला दोन्ही हातांवर उचलायचा आणि जिना उतरताना ओरडत जायचा, "चला, बाजूला व्हा, गाडी फुल आहे!" खाली खुर्चीत ठेवलं की म्हणायचा, "उतरा मॅडम, शेवटचा थांबा." तिला लाज वाटायची आणि गंमतही. मग दोघं नदीच्या पुलापर्यंत फिरून यायची.

एकदा पहिल्या मजल्याच्या वळणावर त्याच्या कमरेतून काहीतरी सटकलं. त्याने तिला पडू दिलं नाही. आधी तिला पायरीवर नीट टेकवलं, मग स्वतः भिंतीला धरून खाली बसला आणि पांढराफटक पडला. कंडक्टर गप्प झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला. मणक्यातली गादी सरकली होती. यापुढे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं त्याला बजावण्यात आलं.

तेव्हापासून ती खाली उतरली नाही. माणसं तिला वरूनच दिसायची. टकलं, भांग, टोप्या, छत्र्या. कपडे आणणं-पोचवणं नवऱ्याने अंगावर घेतलं. तिने एकदा त्याला विचारलं, "अहो, पुलाखाली पाणी कितपत आहे हो आता?" तो टॉवेल घेऊन आत गेला.

अशात तळमजल्यावरचा टायपिस्ट मुलीकडे राहायला गेला आणि त्याची खोली मोकळी झाली. अंगणात उघडणारं दार, मध्ये एकच बुटकी पायरी. ती खोली रफूवालीने नुसती मनात पाहिली आणि लावूनही टाकली. टेबल खिडकीशी, खुर्ची दाराशी. घरमालकाचं शेजारीच रंगाचं दुकान होतं. कंडक्टरने त्याला वर बोलावून आणलं, कारण तिला हे स्वतःच्या तोंडाने मागायचं होतं.

"मालक, आम्ही इथली कितीतरी वर्षांची भाडेकरू. आम्हाला फक्त वरच्या खोलीच्या बदल्यात खालची द्या. भाडं जे असेल ते."

मालक दारातच उभा राहिला. माणूस वाईट दिसत नव्हता. आवाजही मऊ. "ताई, तुमच्याबद्दल मला फार वाटतं हो. पण खालची खोली म्हणजे इमारतीचं तोंड. तिथे चाकाची खुर्ची उभी दिसली की नवा भाडेकरू म्हणणार, हे घर आहे की दवाखाना? शिवाय फरशीवर चाकांचे ओरखडे. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर? मला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावाल."

"बरं, मग जिन्याला कठडा तरी बसवू द्या," कंडक्टर म्हणाला. "दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती आहेत, धरायला काही नाही. खर्च आमचा. कठडा असला तर बसत-सरकत का होईना, ती उतरेल."

"भिंतींना भोकं पाडायची? आत्ताच रंग दिलाय मी." एवढं बोलून मालक जिना उतरला. त्याच्या चपलांचा आवाज अगदी खालपर्यंत ऐकू आला. महिन्याभरात खालच्या खोलीत वह्या-पेन्सिलींचं दुकान थाटलं गेलं.

आग लागली ती भर दुपारी. कंडक्टर ड्यूटीवर होता. रफूवाली एका जरीच्या शालीवर वाकलेली होती, तेव्हा आधी दिवा फडफडला आणि मग जळक्या रबराचा वास आला. जिन्याखालच्या वीजमीटरांच्या फळीने पेट घेतला होता. "आग! आग!" असा ओरडा झाला, दारं धडाधड उघडली, वरच्या मजल्यावरून पावलं धावत आली आणि तिच्या दारावरून तशीच पुढे गेली.

"अहो कुणीतरी! मी आहे आत!" ती ओरडली. आवाज फुटला, पण त्या गोंगाटात तो कुणाच्या कानी जाणार?

ती स्टुलावरून खाली घसरली. कोपरांवर जोर देत, पाय मागे ओढत दारापर्यंत आली. नवऱ्याने बाहेरून दार ओढलं की आपोआप बसणारी कडी वर होती. खुंटीवरचा पट्टा ओढून, तो कडीत अडकवून तिने ती कशीबशी खाली आणली. जिन्यात धूर छातीपर्यंत चढला होता. पहिल्या पायरीवर बसायचं, हातांनी अंग उचलायचं, खालच्या पायरीवर आपटायचं. धरायला काही नाही. भिंतीवरून तळवे घसरत होते. नवा, गुळगुळीत ऑइलपेंट.

मागून तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका आली. कडेवर एक मूल, हाताला दुसरं. अरुंद जिन्यात रफूवाली मधोमध बसलेली. दोघींची नजरानजर झाली. "ताई, सरका ना, सरका!" शिक्षिका किंचाळली. सरकणार कुठे? रफूवालीने भिंतीला अंग चिकटवलं. शिक्षिकेने मुलाला तिच्या डोक्यावरून उचलून पलीकडे नेलं, आणि तिचा पाय रफूवालीच्या हातावर पडला. मग ती धुरात दिसेनाशी झाली.

रफूवाली तिथेच थांबली. तिच्या मनात आलं ते देवाचं नाव नव्हतं की नवऱ्याचं. तिच्या मनात आलं, मी वाटेत आले. मी माणसांच्या वाटेतली अडगळ आहे. त्या धुरात तिला ते अगदी खरं वाटलं, आणि त्या खरेपणानेच तिच्या हातातलं बळ गेलं.

अग्निशमनवाल्यांनी तिला वळणावरून उचलून बाहेर आणलं. आग फळीपुरतीच होती, धूरच जास्त होता. फुटपाथवर झोपवल्यावर ती खोकत आभाळाकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदा ती घराबाहेर आली होती.

चार-सहा दिवसांनी मालकाची नोटीस आली. खोली रिकामी करा. आणीबाणीच्या वेळी आपण जिना अडवता, त्यामुळे इतर भाडेकरूंच्या जिवाला धोका आहे. खाली भाडेकरूंच्या सह्या. त्यात शिक्षिकेचीही होती.

"मी जातो आणि त्याचं दुकान फोडतो," कंडक्टर म्हणाला.

"आणि मग राहायचं कुठे? तुरुंगात? तिथे तरी तळमजला मिळेल का?" ती म्हणाली. दोघंही हसली नाहीत.

ती दोघं दुसरं घर शोधू लागली. कंडक्टर एकटा गेला की खोली रिकामी असायची. बायको खुर्चीवर असते म्हटलं की तीच खोली कालच गेलेली असायची, किंवा मालकाच्या मेहुण्याला हवी असायची, किंवा तिथे डागडुजी काढायची असायची. एका बाईने तर सांत्वन केलं, "अशांसाठी संस्था असतात ना हो, तिथे का नाही ठेवत तुम्ही?" कंडक्टरने हे घरी सांगितलं नाही. पण तो जेवता जेवता उठला, तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

बसमध्ये रोज येणाऱ्या एका प्रवाशाने त्याला भाडेकरूंच्या मदत केंद्राचा पत्ता दिला. तिथली वकीलबाई जिना चढून वर आली, धापा टाकत स्टुलावर बसली आणि सगळं ऐकून म्हणाली, "तुम्ही मालकाकडे मेहरबानी मागत होता. ती मेहरबानी नाहीच आहे. अपंग भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने कठडा बसवायचा असेल, तर मालकाला अडवता येत नाही. आणि खुर्ची आहे म्हणून खोली नाकारणं, हा कायद्याने गुन्हा आहे."

"मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" रफूवालीने विचारलं.

वकीलबाईने मालकाविरुद्धच्या अर्जाचा कागद काढला. तिने साक्षीदार मागितला. आग लागली तेव्हा जिन्यात काय झालं, हे सांगणारा.

म्हणून एका संध्याकाळी रफूवालीने शिक्षिकेला निरोप धाडला. ती आली, पण बसली नाही. रफूवालीच्या हाताचं निळं पडलेलं बोट अजून सुजलेलंच होतं आणि ते दोघींच्याही नजरेसमोर होतं.

"खरं तेवढंच सांगा," रफूवाली म्हणाली. "मी कुणाला अडवलं नाही. मला धरायला काही नव्हतं."

"ताई, माझ्या पदरात दोन पोरं आहेत. त्यांचा बाप पैसे पाठवतो न पाठवतो. मालकाने उद्या मला काढलं तर मी कुठे जाऊ?" शिक्षिका म्हणाली. "तुम्ही तरी दोघं आहात."

रफूवालीला रागवायचं होतं. तिने ठरवलंही होतं काय काय बोलायचं ते. पण समोर उभी असलेली बाई तिच्यासारखीच घाबरलेली होती, आणि त्या घाबरण्यावर मालक आरामात बसला होता. "जा," ती म्हणाली. "पोरं एकटी असतील."

सुनावणीला साक्षीदार कुणीच आलं नाही. कंडक्टरचे दोन ड्रायव्हर मित्र रफूवालीला खुर्चीसकट उचलून खाली घेऊन गेले. मालकाच्या वकिलाने बरंच ऐकवलं. बाईंची काळजी, इमारतीची सुरक्षितता, जुन्या भिंती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने चष्मा पुसला आणि मालकाला विचारलं, "खालची खोली यांनी मागितली तेव्हा ती मोकळी होती?"

"होती."

"का दिली नाही?"

मालकाने इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, ते बरं दिसत नाही."

अधिकाऱ्याने ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. नोटीस रद्द. कठडा बसवायला परवानगी, दोन्ही भिंतींना. मालकाला दंड. पण खालचं दुकान रीतसर करार करून आलेलं होतं, त्याला हलवता येत नव्हतं. पुढे तळमजल्यावर जी खोली मोकळी होईल, तिच्यावर पहिला हक्क रफूवालीचा. कधी होईल? ते कुणाच्या हातात नव्हतं. वकीलबाईने आनंदाने तिचे हात हातात घेतले. "जिंकलात हो तुम्ही!" रफूवाली मान हलवत राहिली. जिंकून ती पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच जाणार होती.

कठडा बसला. लोखंडी, हाताला गार लागणारा. पहिल्या दिवशी ती एकटी उतरली. बसत, सरकत, दोन्ही हातांनी कठडा धरून. मध्ये शिक्षिका वर येत होती. ती खालच्या पायरीवर थांबली, पोरांनाही थांबवलं. रफूवाली पुढे जाईपर्यंत तिघं भिंतीला टेकून उभी राहिली. अंगणात पोचेपर्यंत रफूवालीच्या केसांतून घाम गळत होता. कंडक्टर खुर्ची धरून उभा होता आणि त्याला एकही विनोद सुचत नव्हता. दोघं पुलापर्यंत जाऊन आली. परत चढताना मात्र अर्ध्यावर तिचे हात थरथरायला लागले, आणि उरलेल्या पायऱ्यांना तिन्हीसांजा झाल्या.

थंडी पडली तेव्हा सुई हातातून निसटू लागली. आधी तिला वाटलं, बोटं गारठली असतील. मग एका बारीक कापडावर तिला धागा उपसताच येईना. चिमटीत धरलेला धागा आपोआप सुटायचा. तिने सुई ठेवली, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. आजार पायांतून वर चढला होता. ज्या कठड्यासाठी एवढी झुंज दिली, तो धरायला तिच्याकडे फार दिवस उरले नव्हते.

"अहो," तिने कंडक्टरला हाक मारली. "हात पण चाललेत."

तो तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसला. कमरेला पट्टा बांधलेला, त्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं. त्याने नुसतं कपाळ तिच्या गुडघ्याला लावलं. तिचा गुडघा हलला नाही, पण त्याचे खांदे हलत होते ते तिला दिसत होते. तिलाही रडायचं होतं. पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल, म्हणून ती थांबली.

दुसऱ्या आठवड्यात वकीलबाई पुन्हा जिना चढून आली. आता कठड्याने भागणार नाही, असं सांगणारा नवा अर्ज करायचा होता. दुकानदाराशी खोलीची अदलाबदल होते का, तेही मालकाला विचारायला लावायचं होतं. मालक नाही म्हणणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. पुन्हा तारखा, पुन्हा ड्रायव्हर मित्रांचे खांदे, पुन्हा तोच वकील.

"नाही झालं तर?" कंडक्टरने विचारलं.

"तर वरच्या कोर्टात," वकीलबाई म्हणाली. पण तिचा आवाज पहिल्यासारखा ठणठणीत नव्हता. तिने कागद मांडीवर घेतला. "सांगा ताई, काय काय लागेल ते. सगळं लिहू."

रफूवालीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मग ती सांगू लागली, हळूहळू, चुकायला नको म्हणून. दार रुंद हवं, खुर्ची आत येईल एवढं. अंगणातल्या पायरीवर उतार. संडासात बसायची उंच जागा आणि दोन्हीकडे धरायला दांडे.

"दांडे?" वकीलबाईने तिच्या हातांकडे पाहून विचारलं.

"लिहा," ती म्हणाली. "निदान एक लिहा. डावा हात अजून बरा आहे."