अंजना दिसेल एवढा टीव्ही

दूध संस्थेचा बोनस हाती पडला आणि भामाबाईनं जाहीर करून टाकलं, दसऱ्याला टीव्ही घ्यायचा. रंगीत, आणि चांगला मोठा. नवरा बन्सी संस्थेत दुधाचे कॅन उचलून उचलून वाकलेला. त्याचं म्हणणं, चौदा इंचीत काय कमी दिसतं? दुष्काळाचं दुसरं वर्ष, निम्मे गोठे रिकामे; पुढच्या साली संस्था तरी राहते की नाही, कुणाला ठाऊक!

"बारक्यात मानसाचं तोंड वळखू येतंय व्हय?" भामाबाई फणकारली.

कुणाचं तोंड, हे बन्सीला ठाऊक होतं. लेक अंजना नागपूरला दवाखान्यात नर्स होती. दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जाई आणि तिथली गर्दी बातम्यांत दाखवत. दोन वर्षांत ती माहेरी आली नव्हती. तिची काय चूक? भामाबाईनंच येऊ नको म्हणून कळवलं होतं. टँकरच्या पाण्यात घरच्यांचंच भागेना, तिथं जावयाला आणि नातवाला अंघोळीला काय देणार? घाटनांदूरकडच्या कितीतरी आयांनी त्या सालात लेकींना असंच परस्पर थोपवलं होतं. वरून कोरडं बोलायच्या, आणि चुलीपुढं बसून रडायच्या.

दसऱ्याला अंबाजोगाईच्या दुकानात झाडून सगळ्या टीव्हींवर नागपूरच चालू होतं. चौदा इंचीत भामाबाईला नुसती माणसांची दाटी दिसली. ती एकवीस इंचीपुढं सरकली. पांढऱ्या साड्यांतल्या बायाच बाया.

"ती बघा! ती न्हाई का?"

नव्हती. गिऱ्हाईक पक्कं आहे हे ताडून दुकानदारानं सगळ्यांत मोठा टीव्ही दाखवला. त्यात एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन थेट समोर बघून हसली. गालावरचा तीळसुद्धा दिसला. पण कुणाची कोण! कितीही पैसे ओतले, तरी दिसणार दुसऱ्याचीच लेक.

"चला," ती म्हणाली.

"आगं, पैशाचं बघू की. एकवीस इंची घिऊ."

"टीव्ही नगं. पान्याची टाकी घ्या."

"टँकर तेवढाच येतोय. टाकी भरायची कशानं?"

"रोज घागरभर मागं टाकीन. मी न्हाई न्हानार, मंग तर झालं?"

बन्सी टाकीच्या दुकानाकडं वळला.

संध्याकाळी, लेक घरी परतली असेल अशा बेतानं, भामाबाईनं बूथवरून फोन लावला.

"जयभीम माय! कावून फोन केला? बरं हाय ना समदं?"

"बरं हाय. सुट्टी काढ आन् ये. पोराला घिऊन ये, पावन्यालाबी आण. चांगली आठ दिवस ऱ्हा."

"आन् पानी गं?"

"पानी लई हाय आता," भामाबाई म्हणाली.

बाहेर बन्सी कोरी, रिकामी टाकी टेम्पोला बांधत होता.