कानवाल्या मिस्त्रीची पिवळी गाडी

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे कानवाले मिस्त्री म्हणत. गाडी अजून कोपऱ्यावर असायची आणि बॉनेटमधलं डोकं वर न काढता हा सांगायचा, "डॉक्टरांची आली. क्लच गेलाय." या गोष्टीचा त्याला भारी गर्व. बायको म्हणायची, "गाड्यांचं सगळं ऐकू येतं, मी हाक मारली की तेवढा बहिरा होतो." त्यावर तो खरंच काही ऐकू न आल्यासारखं करायचा.

गॅरेजच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहत. त्यांची छकुली आता अठरा वर्षांची घोडी झाली होती, पण नाव तेच राहिलं. लहानपणापासून ती चाकाच्या खुर्चीत. कुठं जायचं झालं की वडील तिला पाठुंगळी घेऊन बसमध्ये चढवायचे. गेल्या वर्षी एका दुपारी ते कारखान्यात बसल्या जागी गेले, आणि पोरीचं बाहेर पडणंही त्यांच्याबरोबर संपलं. वहिनींच्या पाठीत तेवढा जोर नव्हता.

तेव्हा गल्लीनं मनावर घेतलं. खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी घ्यायची. मिस्त्रीनं ऑइलच्या रिकाम्या डब्याला फट पाडली आणि तो डबा वर्षभर दुकानादुकानांतून फिरला. न्हाव्यानं टाकले, बेकरीवाल्यानं टाकले, कवडीचुंबक म्हणून नाव काढलेल्या निवृत्त हेडमास्तरांनीही इकडेतिकडे बघत टाकले. तरी तशी गाडी आवाक्यात येईना. शोधायचं काम मिस्त्रीकडं होतं आणि त्यानं वहिनींना शब्द दिला होता, कॉलेज सुरू व्हायच्या आत.

मग त्याला ती मिळाली. मागं रुंद दार, बसकी, इंजिन ठणठणीत आणि लिलावात मातीमोल. ती वीस वर्षं गावची शववाहिनी होती, हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. आतली बाकं काढली, रॅम्प जोडला, खुर्ची बांधायला पट्टे बसवले, छताचं कापड बदललं आणि वरून पिवळाधमक रंग मारला. वहिनी नवऱ्याच्या शेवटच्या प्रवासाला याच गाडीत बसल्या होत्या. त्यांना नुसता सुगावा लागला तर पोर पुन्हा चार भिंतींत जाईल, असं त्याला वाटत होतं.

पहिल्या फेरीला तो भर दुपारी एकटाच निघाला. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. त्यानं हात लांब करून रेडिओ बंद केला. बेकरीसमोरची रांग गप्प झाली. रस्त्याकडेच्या बाकावरचे हेडमास्तर उठून उभे राहिले, मान खाली घालून. गाडी पुढं गेली आणि सगळे जिथं थांबले होते तिथून पुन्हा बोलू लागले.

"दुपारी रेडिओ का रे बंद केलास?" संध्याकाळी मिस्त्रीनं विचारलं.

"मी? मी कशाला बंद करीन?" न्हावी म्हणाला. त्याला खरोखर आठवत नव्हतं.

मिस्त्रीला आता उमगलं. रंग बदलला होता, आवाज तोच होता. ज्यानं कानावर जन्म काढला त्यानंच आवाज विसरावा, याची त्याला लाज वाटली. त्यानं सायलेन्सर बदलला. आवाज तोच. पंप खोलून पुन्हा बसवला. तोच. शिवाय चौकात आलं की गाडी आपसूक डावीकडं ओढायची, आणि डावीकडं स्मशानाचा रस्ता. चाकांचं अलाइनमेंट त्यानं तीनदा केलं. बाकी प्रत्येक वळणावर ती शहाण्यासारखी वागायची.

कॉलेजचा पहिला दिवस उजाडला. छकुली रॅम्पवरून आत आली. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी छताच्या नव्या कापडावरून हात फिरवला. गाडी निघाली. रेडिओ बंद झाला, रांग गप्प झाली, हेडमास्तर उठले.

"मिस्त्रीकाका, हे सगळे असे का थांबतात?"

"वर्गणी दिलीय ना त्यांनी. कौतुक वाटतं," मिस्त्री म्हणाला.

कॉलेजचा रस्ता चौकातून उजवीकडं. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडं दाबून धरलं, दंडाच्या शिरा वर आल्या. गाडी पायी चालणाऱ्या माणसांच्या चालीनं सावकाश डावीकडं वळली, लोखंडी फाटकापाशी गेली आणि बंद पडली. रखवालदारानं आवाज ऐकून दोन्ही दारं आधीच उघडली होती. बगलेतली वही काढत तो खिडकीशी आला.

"नाव?"

मागून छकुलीनं वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. रखवालदार लिहायला लागला आणि थांबला.

"हे होऊन गेले की. गेल्या वर्षीच."

"हो. मी यायची राहिले होते."

मिस्त्री मागं वळला. "तुला ठाऊक होतं?"

"गाडी गॅरेजात आली त्याच दिवशी. आईला पण. तुम्ही एवढं राबत होतात, कसं बोलणार?" छकुली म्हणाली. "त्या दिवशी खिडकीत बसून हाच आवाज ऐकला होता मी. ऐकू येईनासा होईपर्यंत."

मिस्त्रीला तो दिवस आठवला. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, छकुलीची खुर्ची दारातच अडली होती आणि कुणीतरी म्हणालं होतं, खुर्चीला जागा नाही, पोरीला राहू दे घरी. कुणीतरी कसलं, तोच म्हणाला होता.

तो उतरला, मागचं दार उघडलं आणि रॅम्प खाली टाकला. छकुली स्वतः चाकं फिरवत आत गेली. मागून वहिनी गेल्या. दोघी परत येईपर्यंत तो गाडीपाशी उभा राहिला, मान वर न करता.

मग किल्ली फिरवल्याबरोबर गाडी चालू झाली. चौकात त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं, पण ती निमूट कॉलेजच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी ते तिघं परत आले तेव्हा हेडमास्तर बाकावर बसून पेपर वाचत होते. न्हाव्याकडं रेडिओ मोठ्यानं चालू होता, आणि तो बंद करायला कुणी हात लांब केला नाही.