गाडी ओरडलीच नाही

आमची ताई होती तेव्हाची गोष्ट. भाऊजी गाड्यांच्या सीटा शिवायचे. एका गिऱ्हाइकाने भंगारात काढलेली जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी घरी आणली. लाल, दोनच सीटांची. ताई तिला सवत म्हणायची, आणि सवतीच्या मांडीवर बसून गावभर हिंडायची पण तीच! गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारायची. उतरताना भाऊजी हात द्यायचे.

"मुद्दाम घेतलीत ही. हात धरायला मिळतो म्हणून," ताई म्हणायची.

मग ताई आजारी पडली. एकदा दवाखान्याच्या दारात तिला गाडीतून उठताच येईना. भाऊजींनी काखेत हात घालून ओढलं तर कळवळली बिचारी. सवत विकली. छोटी नवी गाडी आली, उंच सीट, रुंद दार. भाऊजींना काडीचीही आवडली नाही.

"जुनी कशी धडधडायची, धडधड थेट अंगात यायची. हा फ्रीज आहे फ्रीज."

"फ्रीज बोलतो तरी माझ्याशी!"

किल्ली फिरवलेली असताना सीटवर माणूस बसलं आणि पट्टा नाही लावला की ती गाडी टुंग टुंग ओरडायची. ताई मुद्दाम पट्टा उशिरा लावायची. "तुमच्या लाडकीनं कधी विचारलं का मला?"

डॉक्टर म्हणाले होते, वजन वाढलं तरच पुढचं औषध देता येईल. भाऊजी दुधाचा पेला घेऊन नुसते मागे मागे. हाडं टोचतात म्हणून त्यांनी जाड फोमची गादी शिवून तिच्या सीटवर घातली.

वजन करायच्या दिवशी ताई गाडीत बसली, पट्टा हातातच. गाडी गप्प.

"रुसली वाटतं," ताई म्हणाली.

"माझीच गादी जाड झाली. वजन खाली पोचत नाही." भाऊजींनी तिला उतरवून गादीतला एक थर काढला. बसवलं. गप्प. आणखी एक काढला. गप्प. शेवटी गादीच बाजूला फेकली. ताई नुसत्या सीटवर बसली, टोचलं असणार. गाडी गप्पच. मग भाऊजी स्वतः तिथे बसून बघतात तर लगेच टुंग टुंग!

तिला परत बसवून ते स्टेअरिंगवर आले. तिचा पट्टा शोधतोय असं दाखवत त्यांनी तिच्या शेजारी सीटवर कोपर रोवलं, अंगाचा सगळा भार टाकून. टुंग टुंग टुंग.

"ओरडली बघ! वाढलंय वजन."

ताईने कोपराकडे बघितलं. "वाढणारच. काल पेलाभर दूध संपवलं ना."

दवाखान्यातल्या काट्यावर कोण कोपर टेकू देतं. वजन भरलं नाही, पुढचं औषध मिळालं नाही.

येताना ताई गाडीत बसली, पट्टा न लावताच. भाऊजींनी किल्ली फिरवली, पण गाडी हलवेनात. तिनेच त्यांचा हात ओढून आपल्या शेजारी सीटवर ठेवला, वर आपला हात ठेवला.

"दाबा की जरा," म्हणाली. "ओरडू दे तिला."