पोटातला गोळा

आमचे जावई उंच क्रेन चालवतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "संडास कुठं आहे?" लेक लाजून लाल झाली. मी मात्र खूश! म्हटलं, माणूस सरळ आहे.

पण तेवढं एक सोडलं, तर माणूस सगळं पोटात ठेवणारा. आणि पोट हे असं! क्रेनवर चढायची शिडी दिसली की कळ सुरू. वर काचेची एवढीशी केबिन, तिथं सोय कुठली? म्हणून सकाळी उपाशी जायचे. मग भीती अशी, की वर असताना कळ आली तर? त्या भीतीनंच कळ यायची, कळेनं भीती वाढायची. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. त्याचाच त्यांना जास्त धसका. "काहीच नाही, तर मग दुखतं काय?"

शेवटी लेकीनं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पोट दाबत विचारलं, "गोळा येतो का पोटात?"

"येतो ना."

"नेमका कुठं?"

"शिडीच्या पायथ्याशी."

बाई हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आतडी चिडकी आहेत, हे खरं दुखणं आहे. मनाचे खेळ नाहीत. पण मन आणि आतडी एकमेकांना चिडवतायत. औषध देते, बोलायला समुपदेशकही देते. आणि कामावरच्या एका तरी माणसाला सांगा."

औषध घेतलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. काम जाईल ना! वर न टिकणारा क्रेनवाला कोण ठेवील?

पुढचं मला खालच्या इशारेवाल्यानं सांगितलं. तो वॉकीटॉकीवरून डावं-उजवं सांगतो आणि त्याच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी क्रेनच्या दोराला काँक्रीटची अख्खी भिंत टांगलेली. वाऱ्यानं ती हळूहळू फिरत होती. वरच्या मजल्याच्या कडेला दोन गवंडी हात पसरून उभे. आणि केबिनमध्ये जावयांना कळ आली. साधीसुधी नव्हे, कपाळावर घाम आणणारी. क्रेनचा दांडा जरा जास्तच ओढला गेला. खाली भिंतीनं झोका घेतला.

"अरे ए घारोबा! झोपलास काय?" इशारेवाला ओरडला. वर बसतात म्हणून त्यांना सगळे घारोबाच म्हणतात.

वर जावयांना पेच. घाईनं भिंत उतरवून पळावं, तर ती माणसांवर जाणार. थांबावं, तर आपली शोभा. आणि वॉकीटॉकी सगळे ऐकतात, फोरमनसुद्धा.

मग आवाज आला, बारीक. "माणसं मागं घे. पोटात कळ आलीय, हात कापतोय. मला हा आजारच आहे. घाईनं उतरवणार नाही."

गवंडी मागं सरले.

"घेतली मागं," इशारेवाला म्हणाला. "सावकाश. खालचा संडास राखून ठेवतो. आत फोरमनसाहेब असले तरी ओढून काढतो!"

"मी इथंच आहे रे गाढवा," फोरमन त्याच वॉकीटॉकीवर.

वर जावयांना हसू फुटलं. कळ काही गेली नाही, पण मूठ सैल झाली. वारा पडेपर्यंत त्यांनी भिंत तशीच धरली, मग बोट बोट खाली सोडली. टेकली.

जावई शिडी उतरले. खाली फोरमन उभा. जावई म्हणाले, "उद्यापासून येऊ नको म्हणणार ना?"

"आधी जाऊन ये," फोरमननं संडासाकडं हात केला. परतल्यावर म्हणाला, "न सांगता वर बसलास, याचा राग आलाय. सांगून उतरलास, तर बदली माणूस देईन."

आता कळ येत नाही असं नाही. येते. समुपदेशकाकडेही जातात, न्याहारीही करतात. परवा इशारेवाला सांगत होता, काम चालू असताना मधेच वरून आवाज आला, "पोटात गोळा आलाय."

"भीतीचा की खरा?"

"आज दोन्ही."

"मग उतर की बाबा! बदलीवाला चढतोय."

आणि आमचे जावई उतरले, अगदी सावकाश.