माझ्या पोराची चमडी कोणी ओढायची नाही

राग उतरायच्या आधी लिहून टाकते.

माझा मुलगा बावीस दिवसांचा आहे. आज सकाळी मालिशवाली काकी आली. हातपाय चोळून झाले, मग बोटाला तेल लावून तिनं त्याच्या शूच्या जागेची चमडी मागे ओढायला घेतली. पोरगा असा किंचाळला की मी तिचा हातच धरला.

काकी म्हणाली, "बहूजी, रोज थोड़ा-थोड़ा खोलना पड़ता है, नहीं तो बाद में कटवाना पड़ेगा।"

सासूबाई माझ्यावरच चिडल्या. "काहून अडवून राहिली तू? याच्या बापाचंबी मी असंच केलं. काय झालं त्याले?"

मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी सांगितलं न, तान्ह्या पोराची चमडी चिकटलेलीच असते. आपोआप सुटते, कधी कधी काही वर्षं लागतात. ओढली तर चिरते, जखम भरताना आवळते आणि मग खरंच ऑपरेशनची पाळी येते. लघवी अडली, सूज आली तर दाखवू. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"डॉक्टर आता आले. पोरं आम्ही वाढवली!"

नवरा फॅक्टरीत ड्युटीवर निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "आई, चार-पाच वर्षांचा झालो तरी तेलाची वाटी दिसली की मी पलंगाखाली लपत होतो. मले अजून आठवते."

काकीसमोरची वाटी सासूबाईंनीच उचलून आत नेली.

बायांनो, तुमच्या घरी अजून ओढून राहिले का? मग आज आपल्या नवऱ्याला विचारा, तो कुठं लपायचा.