सुनेत्राचं कायमचं कार्ड

श्रीकांत ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करायचा आणि बायकोला मारायचा. हे मला पक्कं माहीत आहे, कारण नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात आमची दोन घरं एकाच भिंतीला चिकटून आहेत आणि लॉकडाऊनमध्ये सगळेच चोवीस तास घरात होतो. आधी त्याचं साहेबी इंग्रजी ऐकू यायचं. मग ते थांबायचं. मग धप्प. मग पुन्हा इंग्रजी. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. लाज वाटते, पण खरं तेच सांगते.

सुनेत्रा नागपूरची. लग्न करून त्याच्या व्हिसावर आली. भाजीत मीठ जास्त पडलं की मार, आईशी फोनवर जरा जास्त बोलली की मार. वर ठरलेली धमकी: "तुझा व्हिसा माझ्या जिवावर आहे. एक मेल टाकला की आठवड्यात नागपूरला पोचशील." हाच माणूस चौदा एप्रिलच्या झूम कार्यक्रमात स्त्रियांच्या हक्कांवर वीस मिनिटं बोलला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले.

कायमच्या रहिवासासाठी लागणारी पाच वर्षं भरेपर्यंत ती मुकाट सोसत राहिली. माझ्या स्वयंपाकघरात बसून डच परीक्षेचा अभ्यास केला, पास झाली, अर्ज स्वतः भरला. मे २०२१मध्ये मास्क लावून, अपॉइंटमेंट घेऊन कार्ड आणलं. "शर्मिलाताई, आता सोडते यांना," म्हणाली. "फक्त राहायची सोय होऊ दे." कार्ड तिने डाळीच्या डब्यात लपवलं.

चौथ्या दिवशी त्याला ते सापडलं.

त्या दुपारी त्याने म्यूटबिट काही केलं नाही. काच फुटली, सुनेत्राची किंकाळी आली आणि पाठोपाठ तीच माझ्या दारात. ओठ फाटलेला, डावं मनगट भलतीकडेच वळलेलं. हात ड्रॉवरमध्ये धरून त्याने ड्रॉवर लाथेने बंद केला होता. मग तिच्या छातीवर गुडघा रोवून, तिच्या डोळ्यांसमोर, कात्रीने कार्ड कापलं होतं. तुकडे तिच्या उजव्या मुठीत होते.

"ताई, मी माफी मागते त्यांची," ती म्हणाली. "कार्डच नाही, तर आता मला इथे कोण राहू देणार?"

आणि अकरा वर्षं या देशात काढलेल्या मलाही तेच वाटलं! आपल्याकडे ओरिजिनल म्हणजे जीव की प्राण. दहावीचं मार्कशीटसुद्धा आपण लॅमिनेट करून कुलपात ठेवतो. ओरिजिनल गेलं की माणूसच खोटा. तरी डोकं इतकं फिरलं होतं की मी ११२ लावला.

तोवर श्रीकांत माझ्या दारावर लाथा घालत होता. "बाहेर ये! कापलं ना कार्ड? आता बघतो कुठे जातेस!" दाराची काच तडकली. सुनेत्रा कडी काढायला धावली. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं, तर ती मोडका हात घेऊन माझ्याशीच झटायला लागली, परत मार खायला जाता यावं म्हणून. इतकं भयंकर मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

पोलीस आले. दोघांनी त्याला अंगणात पालथा पाडून बेड्या घातल्या. एक पोलीसबाई आत येऊन सुनेत्राजवळ बसली. सुनेत्राने आधी मूठ उघडली.

"माझा रहिवास," ती डचमध्ये म्हणाली. "नवऱ्याने कापला."

बाईने नाव, जन्मतारीख विचारून फोनवर तपासलं. "कायमचा रहिवास. तुमच्या नावावर नोंद आहे. हे नुसतं प्लास्टिक. दुसरं मागवा."

"त्यांनी मेल केला तरी?"

"तरी."

"मी त्यांना सोडलं तरी?"

"तरी."

सुनेत्रा रडली नाही. तिने टेबलावरचं पाणी घेतलं आणि फाटक्या ओठाने सगळं प्यायली.

"मनगट कसं मोडलं?" बाईने विचारलं. "पडलात का?"

दार उघडंच होतं; बाहेर त्याला गाडीत कोंबत होते. त्याने मराठीत हाक मारली, "सुनेत्रा, हो म्हण! पडले म्हणून सांग त्यांना!"

सुनेत्राने दाराकडे पाहिलंही नाही.

"लिहून घ्या," ती बाईला म्हणाली. "दोन हजार सोळापासून सांगते."